रडका चेहरा, मालक सोहम घाडी

संपादकांनी फोनवर विषय सांगितला: ‘मुलांमधला सायबर छळ, कारणे आणि उपाय’. वर म्हणाले, मुद्देसूद लिहा, पालकांना कापून फ्रिजवर चिकटवता आलं पाहिजे. मुद्देसूद लिहिता आलं असतं तर मी मुख्याध्यापक झाले असते. मी नाहूरच्या एका मराठी शाळेत समुपदेशक होते आणि मागच्याच वर्षी निवृत्त झाले. माझ्याकडे मुद्दे नाहीत, माणसं आहेत. त्यातली दोन-चार सांगते. फ्रिजवर तुम्ही दुधाचा हिशेब चिकटवा.

आधी धंदा समजावून सांगते, कारण माझ्या सासरच्या माणसांना तो अजून कळलेला नाही. शाळेत समुपदेशक नेमायचा असा वरून आदेश आला तेव्हा खोल्या सगळ्या भरलेल्या होत्या. मग मला लेझीम ठेवायची खोली दिली. भिंतीवर खिळ्यांना लेझीम टांगलेल्या, कोपऱ्यात हलगी, डंबेल्सचं पोतं आणि मधोमध मी. दार जरा जोरात लागलं की सगळ्या भिंती खुळखुळायच्या. माझ्याकडून बाहेर पडणारं पोर बहुतेक वेळा डोळे पुसत जायचं, म्हणून मुलांनी माझं नाव ‘रडूबाई’ ठेवलं होतं. शिक्षकांनी काय ठेवलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्या लेझीमच माझ्या खऱ्या मदतनीस. घाबरलेलं पोर बोलत नाही. पण हातात लेझीम दिली की त्याचा चाळा सुरू होतो, आणि थोड्या वेळाने तोंडही सुरू होतं. माझा पहिला प्रश्न कायम एकच, “डबा खाल्लास का?” आणि एक पथ्य मी शेवटपर्यंत पाळलं, मुलाचा फोन कधी मागितला नाही. फोनवर कोणी छळतंय हे पोरं घरी का सांगत नाहीत, माहीत आहे? सांगितलं की आई-बाप पहिल्यांदा फोन काढून घेतात. घरात चोरी झाली म्हणून पोलिसांनी यावं आणि उरलेलं सामानही उचलून न्यावं, तशातला हा न्याय. मग पोरं गप्प बसतात.

शनिवारी मी कांदिवलीच्या एका क्लासमध्येही बसायचे. तिथे चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत गाळा असलेले एक बाबा आले. सोबत मुलगी, आणि हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडीत मुलीच्या फोनचे तुकडे.

“काय झालं हे?”

“हातोडा मारला बाई. दोन पोरं घाण घाण लिहीत होती हिला. प्रॉब्लेमच खलास करून टाकला.”

“दादा, पुरावा होता तो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय लिहिलं ते आता तुमच्या मुलीला आठवतंय आणि त्या दोन पोरांना आठवतंय. बाकी कोणालाच दाखवता येत नाही.”

बाबांनी पुडीची घडी पुन्हा नीट घातली आणि हळूच म्हणाले, “जोडता येईल का?” मुलगी आल्यापासून पहिल्यांदा हसली. तेव्हापासून मी पालकांना सांगत आले: मेसेज पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग त्या माणसाला ब्लॉक करा, तक्रार करा, आणि हातोडा गाळ्यावरच राहू द्या.

दुसरी गोष्ट मुलुंडच्या एका आईची. मुलगा ग्रुपवर काय करतो हे बघायला यांनी ‘कूल रिया’ नावाचं खोटं खातं काढलं आणि पोरांच्या ग्रुपात घुसल्या. घुसल्यावर नुसतं बघावं की नाही? यांनी सकाळी सकाळी “सर्वांना शुभ प्रभात. धन्यवाद.” असं लिहिलं, पूर्णविरामासकट. पोरांनी ओळखलं नाही, पण सोडलंही नाही. आठवडाभर रियाची यथेच्छ सालटी काढली. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे सुजलेले. “ती पोरं मला म्हातारी म्हणाली हो. बोळकं म्हणाली!” मी विचारलं, सगळ्यात जास्त कोण बोललं? त्या रडायच्या थांबल्या, पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, “आमचाच.” मुलगा छळला जातोय की काय या काळजीने गेल्या होत्या, मुलगा छळणाऱ्यांचा म्होरक्या निघाला. त्यांच्या घरी पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण पोरगं सुधारलं.

आता सोहम. हे नाव खरं नाही. गोष्ट लिहू का, असं मी त्याला विचारलं तेव्हा हो म्हणाला, पण मी सुचवलेली नावं त्याला ‘एकदम आउटडेटेड’ वाटली, म्हणून सोहम घाडी हे नाव त्याने स्वतः निवडलं.

सोहम नववी ब मध्ये होता आणि आमच्या लेझीम पथकाचा म्होरक्या. काटकुळा पोरगा, पण लेझीम हातात आली की पायात स्प्रिंगा. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर पथक उजवीकडे वळलं आणि सोहम डावीकडे. मागून येणाऱ्या, वर्गातल्याच ईशानवर आदळला, पडला, उठून बसला आणि सगळ्या शाळेसमोर भोकाड पसरलं. नववीतलं पोर. डोळे मिटलेले, तोंड कानापर्यंत उघडं, नाक लाल. कोणीतरी ते टिपलं.

त्याचा स्टिकर झाला. ज्यांना स्टिकर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मेसेज लिहायचा कंटाळा आला की लोक त्याऐवजी एक छोटं चित्र पाठवतात. हात जोडलेलं चित्र म्हणजे आभार, केक म्हणजे वाढदिवस. कुणाचाही फोटो कापून घरच्या घरी असं चित्र बनवता येतं. सोहमच्या रडक्या चेहऱ्याखाली ‘वाट लागली’ असं लिहिलेलं होतं. दुर्दैवाने स्टिकर फारच चांगला होता. आपल्याकडे वाट लागायचे प्रसंग दिवसातून कितीतरी वेळा येतात, आणि तेवढ्या वेळा सोहम उपयोगी पडायला लागला. वर्गाच्या ग्रुपवरून तो ट्यूशनच्या ग्रुपवर गेला, तिथून सोसायट्यांच्या. टँकर आला नाही की सोहम. लिफ्ट बंद पडली की सोहम. पाठवणाऱ्या काका-काकूंना हे पोर कोण ते माहीतही नव्हतं.

वर्गशिक्षिकेने त्याला माझ्याकडे पाठवलं तेव्हा तोंडावर मास्क होता. येऊन भिंतीकडे पाठ करून बसला. लेझीमचा म्होरक्या, आणि लेझीमकडे बघेना.

“डबा खाल्लास का?”

“नाही.”

“का रे?”

“मास्क काढायला लागतो ना.”

मग म्हणाला, “बाई, शिव्या दिल्या असत्या ना, तर चाललं असतं. मी पण दिल्या असत्या. ते शिव्या नाय देत. वापरतात मला. पेपर कठीण गेला की मी. मॅच हरली की मी. लाईट गेली तरी मीच. रिक्षात बाजूला बसलेल्या एका काकांच्या फोनवर पण मीच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि हसले.”

इतक्या वर्षांत या विषयावर मी बरीच भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली. त्या पोराने जे सांगितलं ते त्यातल्या एकातही नव्हतं. पाठवणारा प्रत्येक जण एकदाच पाठवतो आणि विसरतो, त्याला त्यात काहीच वाईट दिसत नाही. ज्याचा चेहरा आहे त्याला मात्र सगळे मिळून पोचतात.

स्टिकर बनवणारा शोधायला अक्कल लागली नाही. ईशानने आपल्या स्टिकरच्या संचाला मोठ्या अभिमानाने स्वतःचंच नाव दिलं होतं. त्याला बोलावलं, लेझीम दिली.

“बाई, मी फक्त बनवला. मस्तीत. मी सगळीकडे नाय टाकला. हे बघा, डिलीट पण केला.”

“बाकीच्यांच्या फोनमधून?”

त्याने लेझीम खाली ठेवली आणि म्हणाला, “काल माझ्या मावशीने गोरेगाववरून मलाच पाठवला. तिला माहीतच नाही मी बनवलाय ते.” हे सांगताना आधी त्याचा चेहरा फुलला आणि मग पडला. त्या पडण्यावर माझा विश्वास बसला.

पुढच्या आठवड्यात सोहमचे बाबा शाळेचा दाखला मागायला आले. घाडी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते, शर्टाच्या खिशात पेचकस. त्यांचे वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडचं. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे, पण त्या दिवशी गावचं बाहेर आलं. “बाई, मी तेका गावाक धाडतंय. थंय मामाकडे शिकात. हंय पोर जेवणा नाय, बोलणा नाय.”

“गावाला फोन नाहीत का घाडी?”

“आसत.”

“मग?”

घाडी पेचकसाशी चाळा करत बसले. पोरगा दहावीच्या तोंडावर शाळा, मित्र, लेझीम सगळं सोडून जाणार होता, आणि तेही त्याने काहीही केलेलं नसताना. मला राग आला होता, पण तो काढायला समोर योग्य माणूस नव्हता. मी म्हटलं, शुक्रवारी पालकसभा आहे, तेवढी होऊ द्या. तोवर दाखला नेऊ नका. त्यांनी मान हलवली.

मुख्याध्यापक बर्वे सर माणूस वाईट नव्हते. फक्त प्रत्येक दुखण्यावर बॅनर लावला की उतार पडतो अशी त्यांची श्रद्धा होती. मी सोहमचं सांगितल्यावर त्यांनी ताबडतोब सायबर सुरक्षेवर तज्ज्ञांचं व्याख्यान ठरवलं, बॅनर छापला आणि प्रार्थनेच्या वेळी मुलांकडून शपथ घेतली, ‘मी समाजमाध्यमांचा जबाबदारीने वापर करीन.’ शपथ चालू असतानाच मागच्या रांगेतून वर्गाच्या ग्रुपवर सोहमचा स्टिकर गेला. खाली लिहिलं होतं, ‘अजून किती वेळ’.

पण मला जाळत होती ती वेगळीच गोष्ट. सोहम आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही होता. ‘रविवारी प्रशिक्षण, उपस्थिती अनिवार्य’ असा संदेश आला की खाली सोहमांची रांग लागायची. मी लिहिलं, ‘हा आपल्या नववी ब मधला सोहम घाडी आहे. कृपया वापरू नये.’ त्यावर पी.टी.चे सर म्हणाले, ‘अहो बाई, गंमत हो, किती सिरियस घेता!’ आणि गणिताच्या बाईंनी त्या वाक्याला दाद म्हणून पुन्हा सोहमच पाठवला. दोन दिवस जरा शांतता होती. मग एक नवीन परिपत्रक आलं आणि पुन्हा सुरू. सगळे बी.एड. झालेले.

शुक्रवारी हॉल भरला. नववीची पोरं, त्यांचे आई-बाप, कडेला खुर्च्यांवर शिक्षक. कोट घातलेले तज्ज्ञ आले, पण त्यांचा पेन ड्राईव्ह शाळेच्या लॅपटॉपला पसंत पडेना. आता अशा वेळी आपल्याकडे कुठल्याही शाळेत, बँकेत, ऑफिसात जे होतं तेच झालं. बर्वे सर म्हणाले, “ग्रुपवर टाका ना, तिथून उघडू.” तज्ज्ञांनी फाईल पी.टी.च्या सरांना पाठवली, त्यांनी ती शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली, आणि संगणकाच्या सरांनी बर्वे सरांच्या फोनवरचे मेसेज लॅपटॉपवर उघडले. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. लक्षात कोणाच्याच आलं नाही.

पडद्यावर आमचा ग्रुप उघडला. सगळ्यात खाली फाईल: ‘सायबर छळ, एक गंभीर समस्या’. तिच्या वर सोहम, पाठवणारे पी.टी.चे सर. त्याच्या वर सोहम, गणिताच्या बाई. आणि सगळ्यांच्या वर, त्याच सकाळचा, ‘प्रोजेक्टर पुन्हा बंद’ या वाक्याच्या शेजारी माणसाच्या उंचीचा सोहम. पाठवणारे बर्वे सर.

हॉल फुटला. पोरं बाकांवर हात आपटून हसली. मग पुढच्या रांगेतल्या कोणीतरी नावं वाचली, आणि हसू पुढून मागे बंद होत गेलं. संगणकाचे सर खिडकी बंद करायला धावले, तर लॅपटॉप अडकला. आमच्या लॅपटॉपने आयुष्यात केलेलं हे एकमेव चांगलं काम. सोहमचे तीन चेहरे पडद्यावर तसेच. खरा सोहम तिसऱ्या रांगेत मास्क लावून बापाशेजारी बसला होता, मान खाली.

घाडी उभे राहिले. तो चेहरा त्यांनी तोपर्यंत पाहिलाच नव्हता. मुलाने दाखवला नव्हता, त्यांनी मागितला नव्हता. पडद्याकडे बोट करून म्हणाले, “ह्यो माझो झील आसा.” मग कोणाला कळलं नसेल असं वाटून पुन्हा, सावकाश, “हा माझा मुलगा आहे, सर. सोहम नाव त्याचं. हा चेहरा घेऊन त्याला उद्या नोकरी मागायला जायचंय.” आवाज चढवला नाही. बसले.

बर्वे सरांच्या खिशात भाषणाचा कागद होता. तो त्यांनी काढला नाही. माईक घेतला आणि म्हणाले, “सोहम, मी पाठवला. हसू आलं म्हणून पाठवला. बाईंनी नको म्हटलं होतं तरी पाठवला. तू समोर असतास तर मला हे जमलं नसतं. माझं चुकलं.” मी त्या माणसाला इतकी वर्षं बॅनरवाला समजत होते. त्या दिवशी मला त्यांचा आदर वाटला, आणि तो अजून आहे.

मग कोणीही न सांगता पी.टी.चे सर उठले. गणिताच्या बाई उठल्या, तोंडाला पदर लावून. आणि नववी ब मधून ईशान उठला. “मी बनवला,” एवढंच म्हणाला आणि तिथेच त्याचा बांध फुटला. भोकाड पसरलं, अगदी सोहमसारखंच, डोळे मिटून, तोंड कानापर्यंत. त्याच्या मागच्या रांगेत एका पोराचा फोन वर आला. शेजारच्या मुलीने त्याच्याकडे न बघता तो हाताने खाली दाबला, आणि दाबूनच धरला.

संपादक महाशय, तुम्हाला उपाय हवा होता ना, तो हा. तज्ज्ञांच्या फाईलीत तो नव्हता. फाईल शेवटपर्यंत उघडलीच नाही.

घाडींनी दाखला नेला नाही. इथे गोष्ट गोड संपवता आली असती, पण तसं झालं नाही. स्टिकर परत बोलावता येत नाही. नाहूरमध्ये थांबला तरी भांडुपला होता, घाटकोपरला होता. सोहम दहावीत गेला, डबा खायला लागला, ईशानशी आधी भांडला आणि मग बोलायलाही लागला. मास्क मात्र सुटला नाही. वर्गाच्या फोटोत हा नेमका बुटाची लेस बांधत होता. बोर्डाच्या फॉर्मला फोटो लागतो म्हणून काढला तो असा, की एखाद्या फरारी आरोपीचा वाटावा. आणि लेझीमला तो परत आलाच नाही. पथक दुसऱ्या पोराच्या मागून फिरायला लागलं. माझ्या खोलीतली त्याची लेझीम मी कोणाला उचलू दिली नाही. याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी माझ्या परीने एक उद्योग सुरू केला. तो स्टिकर माझ्या कुठल्याही ग्रुपवर आला की मी खाली लिहायचे, ‘हा सोहम. आमच्या शाळेत आहे. लेझीम छान खेळतो. हा वापरू नका.’ घाटकोपरच्या जावेने चार दिवस अबोला धरला आणि मग माफी मागितली. सोसायटीचे सेक्रेटरी गप्प झाले. बोरिवलीच्या योग वर्गाच्या ग्रुपने मला काढूनच टाकलं. मनःशांती बिघडते म्हणे. पण काही माणसांनी ते वाक्य जसंच्या तसं आपापल्या ग्रुपवर पाठवलं. स्टिकरइतक्या वेगाने नाही, पण पाठवलं.

माझी निवृत्ती आणि दहावीचा निरोप समारंभ शाळेने एकत्र उरकला, खर्चात बचत. दोन्हींना मिळून एकच समोसा-वेफरचं पाकीट आणि एकच भाषण, नावं तेवढी बदलून. सगळं आटोपल्यावर मी खोली रिकामी करत होते, तर दार वाजलं आणि भिंती खुळखुळल्या. सोहम. वर्षभरात बराच उंच झालेला.

“डबा खाल्लास का?” सवय.

“समोसा खाल्ला. तुमच्यातला.”

त्याने खिळ्यावरची लेझीम काढली. स्वतःचीच, बरोबर ओळखून. उभ्या उभ्या दोन हात खेळला, खोली लहान म्हणून जपून. मग ती टेबलावर ठेवली, मास्क काढून खिशात घातला आणि म्हणाला, “बाई, फोटो काढूया ना.”

मी केस सारखे करेपर्यंत याने फोन लांब धरला होता. आणि बटण दाबायच्या आधी त्याने डोळे मिटले, तोंड कानापर्यंत उघडलं, आणि तोच चेहरा केला. मुद्दाम, मनापासून, स्वतःहून. मला हसू आवरेना आणि रडूही. फोटोत सोहम खोटा रडतोय, शेजारी रडूबाई खरी.

“पाठवू तुम्हाला?” त्याने विचारलं. त्या चेहऱ्याबाबत कोणीतरी काही विचारून करत होतं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

लेखासोबत एखादा फोटो द्या, असं संपादक म्हणाले. माझ्याकडे तेवढा एकच झकास फोटो आहे. म्हणून परवा सोहमला फोन केला. गोष्ट लिहा म्हणाला, बाबांचं वाक्य घाला म्हणाला, बर्वे सरांचंही घाला म्हणाला. फोटोचं विचारलं तेव्हा मात्र म्हणाला,

“नको बाई. तो आपल्या दोघांचाच.”